ॲनापोलिसला निघालात? प्लेसमेंट परीक्षा आणि व्हॅलिडेशनची तयारी अशी करा

मुलीचं ॲनापोलिसच्या अमेरिकी नौदल अकादमीत नक्की झालं, त्या संध्याकाळी घरच्या ग्रुपवर अभिनंदनाच्या पाठोपाठ पहिला प्रश्न आला तो हा: "एपीचे एवढे विषय झालेत, मग तीन वर्षांत सुटेल ना?" विचारणारे माझे दीर. (एपी म्हणजे अमेरिकी शाळेत घेता येणारे कॉलेजच्या पातळीचे विषय; परीक्षेत गुण चांगले असले तर कॉलेजात तो विषय सुटू शकतो.) त्यांचा मुलगा अमेरिकेतल्याच एका सरकारी विद्यापीठातून एपीच्या जोरावर एक सेमिस्टर आधी बाहेर पडला होता, त्यामुळे प्रश्न अगदी रास्त. माझा भाऊ साताऱ्याच्या सैनिक शाळेतून खडकवासल्याला गेलेला. त्याने फक्त हसण्याचं चिन्ह टाकलं आणि मला वेगळा फोन केला. "ताई, अकादमीतून कोणी लवकर सुटत नसतं. आमच्याकडे बारावीला गणितात शंभर पडलेला आणि पंचावन्नवाला पहिल्या टर्मला एकाच बाकावर."

ॲनापोलिसला बाक एकच नसतो, एवढाच फरक. कोणी कुठल्या बाकावर, म्हणजे कुठल्या पातळीच्या वर्गात बसायचं, ते ठरवायला प्लेसमेंट परीक्षा आणि व्हॅलिडेशन. आम्ही या सगळ्यातून चुकतमाकत गेलो. मुलगी आता दुसऱ्या वर्षात आहे, तिथल्या भाषेत 'यंगस्टर'. पहिल्या वर्षाच्या मुलाला 'प्लीब' म्हणतात. हे शब्द आत्ताच कानावर घाला, पुढे रोज लागतील.

१. 'क्रेडिट म्हणजे पैसे' हे डोक्यातून काढा

साध्या कॉलेजात एपीमुळे एक विषय सुटला की त्याची फी वाचते. इथे फीच नाही. शिक्षण, राहणं, जेवण सरकारचं, वर महिन्याला थोडा पगार. त्या बदल्यात पदवीनंतर किमान पाच वर्षं सेवा. आणि मुक्काम चार वर्षांचा, म्हणजे चारच वर्षांचा. आधी दोन वर्षं दुसऱ्या कॉलेजात काढून आलेला मुलगाही प्लीब म्हणूनच आत येतो, त्याचेही केस तसेच कापले जातात.

मग व्हॅलिडेशनचा उपयोग काय? व्हॅलिडेट होणं म्हणजे 'हा विषय याला येतो, पुन्हा बसवायची गरज नाही' अशी नोंद. वेळापत्रकात तेवढी जागा मोकळी होते आणि तिथे पुढचा विषय येतो. हे महत्त्वाचं का, ते कळायला अकादमीचा सक्तीचा अभ्यासक्रम बघा. दोन सेमिस्टर रसायनशास्त्र, दोन भौतिकशास्त्र, कॅल्क्युलस, इंग्रजी, अमेरिकेची राज्यव्यवस्था, नौदलाचा इतिहास, नौकानयन, नेतृत्व, सायबर, अभियांत्रिकीचे विषय. इंग्रजी साहित्य घेणाऱ्या मुलालाही इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग चुकत नाही, आणि पदवी सगळ्यांना बीएस्सीचीच मिळते. अशा गच्च डब्यात एखादी पुरी कमी झाली तरच दुसरं काही बसतं: जोडविषय, दुसरा मेजर (पदवीचा मुख्य विषय), संशोधन. काहींना शेवटच्या वर्षी जवळच्या विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यास सुरू करण्याची संधी मिळते. ती मुलं बहुधा पहिल्याच उन्हाळ्यात दोन-चार विषय व्हॅलिडेट केलेली असतात.

२. एपीचे गुण कुठे जाणार, ते २० जूनच्या आत ठरवा

आम्ही आपटलो ते इथेच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एपीच्या परीक्षा मे महिन्यात होतात, गुण लागतात जुलैत. अकादमीचा प्रवेशदिन, ज्याला सगळे आय-डे म्हणतात, तो येतो जूनअखेर. म्हणजे निकालाच्या दिवशी तुमचा मुलगा कुठल्या तरी मैदानावर पांढऱ्या कपड्यांत घाम गाळत उभा असतो, आणि त्याचा फोन आय-डेलाच काढून घेतलेला असतो. उन्हाळाभरात घरी मोजकेच फोन. त्यात कोणी "आई, कॉलेज बोर्डाचा पासवर्ड लिहून घे" म्हणत नाही. म्हणतं, "आवाज ऐकू दे."

म्हणून घर सोडण्याआधी मुलानेच एपीच्या परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या त्याच्या खात्यात जाऊन गुण पाठवायची संस्था म्हणून अकादमी निवडायची. दरवर्षी एक अहवाल फुकट पाठवता येतो, त्याची मुदत २० जून. त्यानंतर पैसे भरून पाठवता येतो, पण खात्यात शिरणार कोण? नौदल अकादमीचा कोड ५८०९. वेस्ट पॉइंटच्या लष्करी आणि कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या हवाई दलाच्या अकादमीचे कोड वेगळे, नाव टाकून शोधा. एका अहवालात आधीच्या सगळ्या वर्षांचे गुण जातात, दहावी-अकरावीत दिलेले वेगळे पाठवावे लागत नाहीत.

आता आमची फजिती. मुलीचं खातं शाळेच्या ईमेलवर होतं. बारावी संपली आणि शाळेने तो पत्ता बंद केला, जे दर वर्षी सगळ्यांचंच होतं. पत्ता पुढच्या आठवड्यात बदलू, असं मीच म्हणत राहिले. आय-डे उलटला, मुलगी आत, फोन कपाटात, आणि खात्यात शिरायचा कोड जात होता मेलेल्या ईमेलवर. अहवाल अखेर गेला, पण उशिरा. तोवर तिने कॅल्क्युलसची परीक्षा देऊन टाकली होती. ती चांगली गेली म्हणून निभावलं.

तेव्हा एप्रिलमध्येच खातं स्वतःच्या ईमेलवर घ्या. आणखी एक पाचर आपल्या नावांची असते. शाळेत नुसतं नाव-आडनाव, पासपोर्टवर मध्ये वडिलांचं नाव, अकादमीच्या अर्जात मधलं नाव वेगळ्या स्पेलिंगने. सगळीकडे नाव आणि जन्मतारीख तंतोतंत जुळली पाहिजे. काही मुलांची अशी दोन-दोन खाती निघतात आणि गुण दोन्हीकडे विखुरलेले असतात. ती वेळेत एकत्र करून घ्या.

३. शाळेत असताना कॉलेजचे कोर्स केले असतील तर

कम्युनिटी कॉलेजात कॅल्क्युलस किंवा केमिस्ट्री केलेली आपली मुलं पुष्कळ. ते क्रेडिट अकादमीत आपसूक चिकटत नाही. गुणपत्रक बघून किंवा स्वतःची परीक्षा घेऊन तो तो विभाग ठरवतो. म्हणून नुसतं 'ए ग्रेड' लिहिलेला कागद पुरत नाही. त्या कोर्सचा पूर्ण सिलॅबस जपा: कुठलं पाठ्यपुस्तक, कुठले धडे, प्रयोगशाळा होती की नाही. प्रयोगशाळा नसलेल्या केमिस्ट्रीवर फार आशा ठेवू नका.

गुणपत्रक कॉलेजकडून थेट अकादमीकडे जायला हवं. तुम्ही घरी पाकीट फोडून स्कॅन करून पाठवलं तर ते अधिकृत धरत नाहीत.

४. कागदांची एक फाइल करा

ही फाइल घरी ठेवायची. मुलाबरोबर अगदी थोडं सामान जातं, काय न्यायचं त्याची यादी अकादमीच पाठवते.

- बारावीचं अंतिम गुणपत्रक, शाळेने थेट पाठवल्याच्या पोचपावतीसह
- एपी किंवा आयबीचा अहवाल कुठे आणि कधी पाठवला, त्याचा स्क्रीनशॉट
- कॉलेजच्या कोर्सची गुणपत्रकं आणि सिलॅबस
- सगळ्या खात्यांचे ईमेल आणि पासवर्ड, मुलाच्या संमतीने, एका कागदावर
- नागरिकत्वाचा पुरावा आणि पासपोर्टच्या प्रती

शेवटच्या ओळीवरून थोडं विषयांतर. प्रवेशासाठी मूल अमेरिकेचं नागरिक असावं लागतं, ग्रीन कार्ड चालत नाही. आणि ज्यांच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) कार्ड आहे त्यांनी एक लक्षात घ्या: परदेशी सैन्यात असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या व्यक्तीला ओसीआय देता येत नाही, असा भारत सरकारचा नियम आहे. आजीला भेटायला पुण्याला कसं जायचं, हा प्रश्न मग व्हिसाचा होतो. ही चर्चा आय-डेच्या आदल्या रात्री नको, आधीच करा.

संमतीचंही तसंच. मूल अठरा वर्षांचं झालं की त्याचे गुण, त्याचं वेळापत्रक कॉलेज आईवडिलांना परस्पर सांगत नाही. अकादमीही सांगत नाही. मी एकदा फोन करून पाहिला. समोरचा माणूस फार सभ्य होता, आणि त्याने मला काहीही सांगितलं नाही.

५. मे-जूनमधली उजळणी

शाळा संपली की मुलं सुटतात: प्रॉम, ग्रॅज्युएशन, मित्रांबरोबर समुद्रकिनारा. सुटू द्या, पुढे त्यांना तेवढंही मिळणार नाही. पण रोज पाऊण तास वही उघडायला लावा. क्लास लावू नका. या परीक्षेला रँक नाही, कटऑफवर जागा जात नाहीत, जागा मिळालेलीच आहे.

गणितात त्रिकोणमितीची सूत्रं, लॉगरिदम, लिमिट, डेरिव्हेटिव्हचे नियम, इंटिग्रेशनच्या नेहमीच्या युक्त्या, आणि बीसी, म्हणजे एपी कॅल्क्युलसचा वरचा कोर्स, केला असेल तर सीरिज. सगळं हाताने. आमच्या मुलीला कॅल्क्युलेटरची इतकी सवय की साईन पासष्ट आणि साईन साठ तिला सारखेच परके. मी तिला युनिट सर्कल फ्रिजवर काढून लावलं. दूध काढताना एक कोन सांगायचा, मगच दूध. बाबांनाही नियम लागू होता, त्यांना महिनाभर काळा चहा प्यावा लागला.

केमिस्ट्रीत मोल, समीकरणं जुळवणं, वायूंचे नियम, आम्ल-अल्कली, समतोल. अकरावीत केमिस्ट्री करून बारावीत फक्त फिजिक्स घेतलेली मुलं इथे घसरतात, कारण मधल्या वर्षात मोल पार धुऊन गेलेला असतो. इंग्रजीसाठी एखादा उतारा वाचून तासाभरात दोन पानं हाताने लिहायचा सराव पुरे. हाताने, कारण आपल्या मुलांचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नाही.

६. प्रत्यक्ष परीक्षा: प्लीब समरच्या घामात

प्लीब समर म्हणजे वर्ग सुरू होण्याआधीचे सहा-सात आठवड्यांचे प्रशिक्षण. पहाटे साडेपाचला उठवणं, व्यायाम, कवायत, नौका, पाठांतर, ओरडा. या रगाड्यातच मधूनमधून मुलांना रांगेने सभागृहात नेतात आणि प्रश्नपत्रिका पुढ्यात ठेवतात.

मुलीच्या पहिल्या पत्रातली ओळ: "केमिस्ट्रीचा पेपर म्हणजे आठवड्यातली पहिली बसायला मिळालेली खुर्ची होती." सभागृहात एसी, बाहेर मेरीलँडचा जुलै. तिच्या पुढचा मुलगा दुसऱ्या पानावर पेन्सिल टेकवून तसाच झोपला, कागदावर एक लांब रेघ उमटत गेली. पत्राचा कागद घामाने फुगलेला होता आणि 'खुर्ची'च्या खाली दोन रेघा मारलेल्या होत्या.

म्हणून मुलाला जाण्याआधी एवढंच सांगा: परीक्षेआधी पाणी पी, सोपे प्रश्न आधी उरक, आणि झोप आली तर पाय जमिनीला जोरात दाब. अभ्यास आठवण्यापेक्षा जागं राहणं अवघड असतं. एपीचे गुण आहेत म्हणून परीक्षा हलक्याने घेऊ नको, हेही सांगा. दोन्ही हाताशी असले तर विभागाला निर्णय करणं सोपं जातं.

आणि एक गोष्ट फार गंभीर. काही मुलांच्या डोक्यात येतं, मुद्दाम वाईट पेपर लिहू, सोपा वर्ग मिळेल, फुकटचा ए. अकादमीचा ऑनर कन्सेप्ट सांगतो की मिडशिपमन (अकादमीचा विद्यार्थी) खोटं बोलत नाही, फसवत नाही, चोरत नाही. जाणूनबुजून येत नसल्याचं सोंग करणं कुठे बसतं, ते मुलाला स्वतःला विचारू द्या. पेपरात काय आलं होतं, हे पुढच्या गटाला सांगणंही त्यातच आलं. आपल्याकडे पेपर सुटल्यावर गेटबाहेर 'काय आलं, काय आलं' ही रीतच आहे. ती इथे घरी ठेवून जायची.

७. भाषेची परीक्षा

अकादमीत सात भाषा शिकवतात: अरबी, चिनी, फ्रेंच, जर्मन, जपानी, रशियन, स्पॅनिश. मराठी नाही, हिंदीही नाही. घरी दोन भारतीय भाषा बोलणाऱ्या मुलाला त्याचा थेट फायदा होत नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. शाळेत चार वर्षं स्पॅनिश केलं असेल तर मात्र ती परीक्षा जरूर द्यावी. मानव्यशाखेचा मेजर घ्यायचा विचार असेल तर भाषा लागतेच, आणि वरच्या पातळीवर सुरुवात झाली तर दमछाक वाचते.

८. पाण्यातली प्लेसमेंट

हिच्याबद्दल मला कोणीच सांगितलं नव्हतं. पोहण्याचीही चाचणी होते आणि तीवरून गट पडतात. मागे पडलेल्यांना जादा सरावाला बसवतात. पुढे चार वर्षांत दहा मीटर उंचीवरून पाण्यात उडी मारावीच लागते, त्याशिवाय पदवी नाही. गणित व्हॅलिडेट होतं, ही उडी होत नाही. तसंच नौकानयन, नेतृत्व आणि उन्हाळी प्रशिक्षणही सुटत नाही.

इथल्या आपल्या मुलांना पोहणं येतं म्हणजे बहुधा सोसायटीच्या पूलमध्ये चार फुटांत डुंबणं येतं. माझ्या वडिलांना त्यांच्या काकांनी पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललं होतं, तिसऱ्या दिवशी डबा सोडला. तो मार्ग मी सुचवत नाही. पण जानेवारीपासून आठवड्यातून तीन दिवस वायएमसीएत पाठवा. ब्रेस्टस्ट्रोक आणि साइडस्ट्रोक नीट येऊ द्या, आणि खोल पाण्यात कपड्यांसकट तरंगायची भीती मोडा. माझं ऐकाल तर कॅल्क्युलसच्या उजळणीपेक्षा इकडे जास्त तास द्या.

९. मिळालं म्हणून सगळं व्हॅलिडेट करायचं का?

ग्रुपवर यावर भांडणं होतात. एक बाजू म्हणते, जेवढं सुटेल तेवढं सोडव. दुसरी म्हणते, येणारा विषय पुन्हा घे, ए मिळेल, सरासरी वर राहील. व्हॅलिडेट झालेल्या विषयाला ग्रेड नसते, त्यामुळे सरासरीत त्याची भर पडत नाही, हे दुसऱ्या बाजूचं म्हणणं खरं आहे.

माझं मत असं. बीसीचे गुण उत्तम आणि घरी कागद पेनने इंटिग्रेशन सुटतंय, तर पुढे जा. पण पाठांतरावर पाचपैकी पाच काढला असेल आणि जूनमध्ये वही उघडल्यावर घाम फुटला असेल, तर कॅल्क्युलस तीनमध्ये उडी घेऊ नका. पहिल्या सेमिस्टरला प्लीबकडे अभ्यासाला वेळ थोडा असतो. पाठांतरं, खोलीची तपासणी, खेळ, रांगा, सगळं असतं. शेजारचा सेकंड क्लासचा, म्हणजे तिसऱ्या वर्षाचा, विद्यार्थी जेवताना आजच्या मेन्यूची उजळणी घेतो. त्यात घसरलं की सहाव्या आठवड्याचे गुण घरी न कळता लागतात आणि मूल एकटंच ते गिळतं.

आमच्या मुलीने कॅल्क्युलस एक सोडवलं, दोनमध्ये बसली. केमिस्ट्री अगदी पहिल्यापासून केली, एपीत चार असूनही. तिच्या मैत्रिणीने चार विषय व्हॅलिडेट केले आणि ती आता दोन मेजर करते आहे. तिला ते झेपतं. तुमच्या मुलाला काय झेपतं ते तुम्हाला दिरांपेक्षा जास्त ठाऊक आहे.

१०. वेस्ट पॉइंट आणि कोलोरॅडो स्प्रिंग्जला जाणाऱ्यांसाठी

साचा तोच, शब्द वेगळे. वेस्ट पॉइंटला प्रवेशदिनाला आर-डे आणि त्यानंतरच्या उन्हाळी प्रशिक्षणाला 'बीस्ट', हवाई दलाकडे पहिल्या वर्षाच्या मुलाला 'डूली' म्हणतात. कुठल्या गुणांना कुठला विषय सुटतो त्याचा तक्ता प्रत्येक अकादमीचा वेगळा आणि तो बदलतो. गेल्या वर्षीच्या कोणाच्या तरी पीडीएफवर विसंबू नका, आणि एका अकादमीचा तक्ता दुसरीला लावू नका.

११. वेळापत्रक हातात आल्यावर

ऑगस्टमध्ये प्लीबच्या आईवडिलांसाठी एक शनिवार-रविवार असतो. त्या भेटीत मुलगी पाच किलोने कमी आणि दोन इंच उंच वाटली, पण तो सरळ पाठीचा परिणाम असावा. त्या दिवशी वेळापत्रक विचारा. विषय वाचून तोंड पडलं तर लगेच त्याला सांगा, प्लीबना नेमून दिलेल्या सल्लागार प्राध्यापकांना भेट. ते काम मुलाचं, तुमचं नाही. वर्ग फार वर किंवा फार खाली लागलाय असं वाटलं तर पहिल्या आठवड्यातच बोलावं, सहाव्या आठवड्याची वाट बघू नये.

वर्ग सुरू झाले की 'ईआय' हा शब्द लक्षात ठेवायला सांगा, म्हणजे प्राध्यापकांकडून जादा शिकवणी. ती मागितली की मिळते, प्राध्यापक स्वतः वेळ देतात. गट करून अभ्यास घेणारी वरच्या वर्गातली मुलंही असतात. आपल्या मुलांना शंका विचारणं म्हणजे हुशारी कमी असल्याची कबुली वाटते. मुलीने पहिली ईआय सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मागितली, केमिस्ट्रीची, मोलसाठी. फोनवर मला म्हणाली, "आई, फ्रिजवर तू युनिट सर्कल लावलंस, त्याच्या शेजारी मोलपण लावायचा होतास."